बेगमीचा हिशेब

घर आवरताना गेल्या वर्षी माझ्या हाती दोन वह्या लागल्या. एक आजोळची, कराडजवळच्या गावातली. आजोबा शाळामास्तर होते आणि रोजकीर्द ठेवत. त्यांच्या वहीत वैशाखातले एकच पान धान्याचे आहे: गहू, ज्वारी, तांदूळ, तूर, गुळाच्या ढेपा, मिरच्या, हळकुंडे. पुढे वर्षभर किराण्याच्या नोंदी अगदी तुरळक. दुसरी वही म्हणजे नायगावच्या चाळीतल्या माझ्या दुसऱ्या आजीचे वाण्याकडचे १९५६ सालचे उधारीचे पुस्तक. त्यात नोंद नाही असा दिवस नाही. तांदूळ शेरभर, डाळ पावशेर, चहापूड, गोडेतेल, पुन्हा तांदूळ.

दोन्ही आज्या काटकसरी होत्या. तरी घरात कौतुक व्हायचे ते कराडच्या आजीचे. "वर्षाचे एकदम भरावे, पैसे वाचतात," असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग नायगावची आजी काय उधळी होती? या प्रश्नाने मला या विषयात ओढले.

आधी बेगमीचे पाहू. रब्बीचे पीक हाती आले की धान्य बाजारात येते आणि भाव उतरतात. सारा भरायचा असतो, देणी फेडायची असतात, म्हणून शेतकरी याच वेळी माल विकतो. पावसाळ्यात आवक घटते आणि भाव चढतात. वर्षाचे धान्य भरणाऱ्याचा मुख्य फायदा या चढउतारात होता. पोते घेतल्याने मिळणारी सूट त्यापुढे किरकोळ असे. तेच पोते श्रावणात घेतले असते, तर बचतीचा मोठा भाग नाहीसा झाला असता.

शिवाय त्या एका पानामागे आजीचे महिनाभराचे कष्ट होते. धान्य निवडायचे, पाखडायचे, उन्हात घालायचे, गव्हाला एरंडेल चोळायचे, कडुनिंबाचा पाला घालून कणगी भरायची. या मजुरीचा रोजकीर्दीत कुठेही जमाखर्च नाही. तो धरला, तर बचतीचा आकडा बराच खाली येईल.

आता नायगाव. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये गिरणगावातल्या कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. तिच्यानुसार खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता आणि जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा प्रचलित दर होता रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. त्यात गिरणीचा पगार महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे. पहिल्या दिवशी कामावर गेलेल्या माणसाला दीड महिना वाण्याच्या भरवशावर काढावा लागे.

या दराने पैसे काढून एखाद्या कामगाराने वर्षाचे धान्य भरले असते तर? धान्य हळूहळू संपते, म्हणजे गुंतलेला पैसा सरासरीने सहा महिने अडकून राहतो. सहा महिन्यांचे व्याज साडेसदतीस टक्के. हंगामानंतर भाव सरासरीने एवढे चढले, तरच त्याची बरोबरी. मास्तरांचे पैसे मात्र बचतीतले होते. पोस्टात चार टक्क्यांनी ठेवले असते, असे धरले तरी त्यांना हाच साठा जेमतेम दोन टक्क्यांना पडला. पोते तेच, भावही तोच. एकाचा फायदा, दुसऱ्याचे नुकसान. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत कणगी ठेवायची कुठे? नायगावच्या आजीने पावशेर डाळ घेतली ती उधळेपणाने नव्हे. तिच्या हिशेबात तेच बरोबर होते.

मग रोख रक्कम नसलेल्या माणसाला घाऊक भावाचा फायदा कधीच मिळू नये? या प्रश्नाचे जुने उत्तर इंग्लंडातल्या रॉचडेल गावचे आहे. १८४४ च्या डिसेंबरात तिथल्या विणकर आणि इतर कारागिरांनी टोड लेनवर दुकान उघडले. सभासद २८, भांडवल २८ पौंड, आणि माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटचा रवा. त्यांनी घाऊक खरेदी एकत्र केली आणि प्रत्येकाला हवे तेवढेच विकले. उरलेला नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत वाटला. पोत्याचा भाव, पण घरात पोते नाही, अशी ही सोय.

आपल्याकडे हीच वाट नायगावातच रुजली. १९४८ मध्ये तिथे सुरू झालेल्या कामगारांच्या सहकारी दुकानातून पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. आजीच्या चाळीपासून ते दूर नव्हते, पण सहकारी दुकानाचा व्यवहार रोखीचा. तिचे पुस्तक वाण्याकडेच राहिले.

पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांमागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल आपल्या हातांनी वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका धान्य मोठ्या प्रमाणात घेत, पण उधारीवर, वाणी सांगेल त्या भावाने. त्यांना बँकेचे कर्ज मिळाले, तेव्हा कुठे त्यांची घाऊक खरेदी त्यांच्या फायद्याची झाली.

सॅन डिएगोत सोल प्राइस यांनी १९७६ मध्ये विमानांच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' उघडला. आजच्या गोदामवजा दुकानांचा हा मूळपुरुष. तो सुरू झाला छोट्या दुकानदारांसाठी. घरगुती गिऱ्हाईक नंतर आले. सभासदत्वाला वार्षिक वर्गणी होती. १९८३ मध्ये सिएटलला निघालेल्या आणि दहा वर्षांनी प्राइस क्लबशी एक झालेल्या 'कॉस्टको'च्या नफ्यातही या वर्गणीचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे मोठ्या खोक्याची ही रीत मुळात त्याच्यासाठी होती, ज्याचा माल आठवड्यात खपतो. घरातला माल तसा खपत नाही.

हे पडताळायला मी वर्षभर हिशेब ठेवला. आम्ही घरात दोघेच. साबण, दात घासायची पेस्ट, तेल, तांदूळ यांत मोठ्या पाकिटाने खरेच पैसे वाचले. रव्यात मात्र पोरकिडे झाले, सुकामेवा खवट झाला आणि शेंगदाणे घरात आहेत म्हणून चिक्की चारदा झाली. आठ टक्के स्वस्त घेतलेल्या वस्तूतला आठ टक्के भाग फेकला, तर बचत शून्य होते. पाच किलो रव्यात ही मर्यादा फक्त चारशे ग्रॅमची. मी त्याहून जास्त फेकला.

तेव्हा घाऊक खरेदीने पैसे वाचतात का, याचे माझे उत्तर असे: वाचतात, पण त्यासाठी पैसा बिनव्याजी हवा, वस्तू टिकाऊ आणि नेमाने लागणारी हवी, ठेवायला जागा हवी, आणि निगा राखायला कोणाचे तरी हात हवेत. यातले एक नसेल, तर बचत कागदावरच राहते. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, त्यांना इतिहासात फायदा मिळाला तो एकत्र येऊनच. आणि ज्यांना तो मिळाला नाही, त्यांना आपण उधळे म्हणत आलो.

यंदा फराळासाठी आमच्या जिन्यातल्या चार घरांनी पोह्यांचे एक पोते आणले. वर्तमानपत्र अंथरून, काटा ठेवून, जिन्याखालीच वाटणी केली. नायगावच्या आजीचे ते पुस्तक मी आता आजोबांच्या रोजकीर्दीशेजारी, त्याच कपाटात ठेवले आहे.