पाणी, अग्नी आणि नागपूरची गादी
पंचमहाभूतांवर हुकमत चालवणारे राजपुत्र गादीसाठी झुंजतात आणि ज्याची शक्ती मोठी तो राजा होतो, असे किशोरांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्या सांगतात. नागपूरचा इतिहास हे सूत्र मोडतो. इथे पाणी अडवले गोंड राजा चांद सुलतानाने. त्याचा जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, अजून शहराच्या मध्यावर आहे. पण १७३९ मध्ये तो वारला आणि तलाव बांधणाऱ्याच्या घराला गादी टिकवता आली नाही. वली शाहाने ती बळकावली, तेव्हा चांद सुलतानाची राणी रतनकुंवरने मराठा सरदार रघूजी भोसल्यांना हाक दिली. पुढे चांद सुलतानाचे मुलगे बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह हे भाऊच भांडले. १७४३ पर्यंत नागपूर भोसल्यांचे झाले होते.

मग तलवारच खरी, असा आक्षेप येईल. तो अर्धाच बरोबर आहे. तलवार एवढी पुरेशी असती, तर रघूजींनी गोंड राजाला पदवी आणि तनखा देऊन नागपुरातच मानाने कशाला ठेवले असते? जिंकलेल्यालाही जुन्या घराण्याच्या नावाची सावली लागत होती. भोसल्यांच्या स्वतःच्या घरात मात्र अशी सावली नव्हती. रघूजींचे पुत्र जानोजी १७७२ मध्ये वारले आणि गादीच्या वादात २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत त्यांचे भाऊ मुधोजींनी दुसऱ्या भावाला, साबाजींना, गोळी घातली. अग्नी वापरला गेला तो बंदुकीतून. गादीवर मात्र मुधोजींचा मुलगा, जानोजींना दत्तक गेलेला दुसरा रघूजीच राहिला.