घराला भोंगा नसतो

गेल्या वर्षी स्मरणिकेच्या तयारीत आम्ही वसाहतीतल्या आईवडिलांना एक प्रश्न लिहून दिला होता : दिवसातला कोणता वेळ तुमचा स्वतःचा असतो? वडीलमंडळींची उत्तरे लगेच आली. कोणी पहाटे फिरायला जातात, कोणी रविवारी मित्रांबरोबर चहाला बसतात. लहान मुलांच्या आयांकडचे बरेचसे कागद मात्र कोरेच परत आले. एका वहिनींनी एवढेच लिहिले होते, "पोरगं झोपल्यावर, भांडी घासताना." त्या कागदांचा लेख तेव्हा होऊ शकला नाही, पण ते फेकूनही द्यावेसे वाटले नाहीत. म्हणून यंदा आम्ही जरा मागे जाऊन पाहायचे ठरवले. माणसाला विसाव्याचा वेळ मिळाला तरी कसा, आणि तो घरातल्या आईपर्यंत का पोचला नाही?

उद्यमबागेत राहणाऱ्याला घड्याळाचे महत्त्व सांगावे लागत नाही. फाउंड्रीतली भट्टी, लेथवरचे काम, पहिली पाळी, दुसरी पाळी यांवरच इथल्या घरांचा दिवस चालतो. पाळी संपली की माणूस हात धुऊन बाहेर पडतो आणि आठवड्यातून एक दिवस मशीन बंद राहते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते कोणी तरी मागून घेतले होते, हेच आपण विसरलो आहोत.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकात रोजचे काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी आयोगापुढे गेला. मागण्या साध्या होत्या : रविवारी पूर्ण सुट्टी आणि रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो दिवस कामगाराला देवाधर्मासाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे, असे लोखंडे यांचे म्हणणे सांगतात. सहा वर्षे हा पाठपुरावा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उठून बोलल्या. त्या काळात एवढ्या मोठ्या जमावापुढे बाईने बोलणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा पडली आणि त्यात दीड तासाची विश्रांती ठरली. १९२२ मध्ये कामाच्या आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ मध्ये ती ५४ झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ४८ तास पक्के केले. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती त्याच कायद्यात होती. पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरही त्यात सांगितले होते. १९७६ मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आला.

या सगळ्या कायद्यांत एक गोष्ट समान दिसते. विसावा मिळाला तो वार, तास आणि जागा ठरल्यावर. 'जमेल तेव्हा बसा' असे म्हणून तो कोणालाच मिळाला नाही. आणि हे सारे कारखान्याच्या फाटकापर्यंतच लागू होते. फाटकाबाहेर पडलेली गिरणीतली बाई घरी जाऊन चूल पेटवी, तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होई. त्या पाळीला भोंगा नव्हता.

मग घरातल्या बाईला आपला वेळ कधीच नव्हता का? तसेही म्हणता येणार नाही. आपल्या पणज्या पहाटे जात्यावर बसत, तेव्हा घर झोपलेले असे. काम कष्टाचे होते, पण तेवढा वेळ तिला कोणी हटकत नसे. सासर, माहेर, भाऊ, लेकरू, विठ्ठल या सगळ्यांशी ती ओवीतून बोले. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. पिठाची गिरणी आली, खांदे भरून येणे थांबले आणि त्याबरोबर ती पहाटेची बैठकही गेली. वाचलेला वेळ मात्र तिच्या हातात राहिला नाही. दुसरी कामे येऊन त्यात बसली.

श्रावणातली मंगळागौर हीही अशीच ठरलेली वेळ. रात्रभर झिम्मा, फुगड्या आणि हसणे, आणि 'आज जागरण आहे' म्हटले की सासूही अडवत नसे. पण ती लग्नानंतरची पहिली पाच वर्षे. मग उद्यापन. म्हणजे कडेवर मूल आले, विसाव्याची खरी गरज लागली, त्याच सुमारास रीत संपते.

शिकलेल्या घरांतही वाट सोपी नव्हती. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये झाले आणि न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नव्हते आणि त्यावरून त्यांना किती ऐकून घ्यावे लागले, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा संसारी बायकांसाठी दुपारचे वर्ग निघाले. सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर आणि संध्याकाळची चूल पेटण्याआधी जी फट सापडते, तिच्यातच ती शाळा बसवली होती. दुपारची वेळ ठरली, जागा ठरली, आणि बायका घराबाहेर पडू शकल्या.

या गोष्टीचा एक धागा आपल्या बेळगावातही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथेच सायकलींचे दुकान काढले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर इथेच घडले. १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. त्याच घराण्यातल्या शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केले. यंत्रे घडवणाऱ्यांच्या गावातून घरातल्या बाईसाठी वाचायला काही निघाले, याचे आम्हा उद्यमबागवाल्यांना अप्रूप वाटते.

आता निपाणीकडे पाहू. तिथल्या तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकाच राबल्या. १९८० च्या सुमारास वखारीतल्या बायकांनी संघटना केली, संप केला, आणि १९८२ मध्ये 'युगांतर' या गटाने त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता. त्यात ९ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा, साप्ताहिक सुट्टी आणि पाळणाघरही होते. पण तासांचे आणि पाळणाघराचे नियम कारखान्याच्या जागेला लागत. सूप मांडीवर घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजारामागे मजुरी मिळते. हजार पुरे होईपर्यंत तिचा दिवस संपत नाही आणि मधेच उठून भाकरीही तिलाच थापायची असते. कामाची जागा आणि घर एकच झाले की विसावा पहिला जातो. आज लॅपटॉप घेऊन घरून काम करणाऱ्या आपल्या सुना-लेकींनी हे वाचावे. त्यांना ते ओळखीचे वाटेल.

सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. मुलाबाळांची आणि आजारी माणसांची देखभाल करण्यात बायकांची १३४ मिनिटे जात होती, पुरुषांची ७६. यात बाप आरामात आहे, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या पाळीचा बाप घरी येतो तेव्हा मूल झोपलेले असते, आणि हप्त्यासाठी ओव्हरटाइम करावाच लागतो. पण त्याच्या थकव्याला निदान पाळीपत्रक आहे.

आणि आपला गणेशोत्सव? लोकमान्यांनी १९०५ मध्ये बेळगावच्या झेंडा चौकात तो सार्वजनिक केला. घरातला देव चौकात आला आणि पुरुषांना दहा दिवसांची हक्काची बैठक मिळाली. बायकांच्या वाट्याला घरची गौर, मंडळाचा प्रसाद आणि पाहुण्यांचे ताट आले. हे लिहिताना आम्हाला आमच्याच मंडळाकडे पाहावे लागले. आमचा महिलांचा कार्यक्रम दुपारी तीनला असतो. त्याला लहान मुलांच्या आया येत नाहीत आणि 'यांना आवडच नाही' असे आम्ही म्हणत आलो. मुले कोणाकडे ठेवून यायचे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

तेव्हा यंदा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. उत्सवातल्या रविवारी तीन ते सहा या वेळात मंडपातली मुले बाप आणि आजोबा सांभाळतील. त्यांची नावे पाळीपत्रकासारखी फळ्यावर लागतील. त्या तीन तासांत आयांनी कार्यक्रमालाच यावे असे नाही. कोणी झोपावे, कोणी मैत्रिणीकडे जावे, कोणी नुसते बसावे. हिशेब कोणी विचारणार नाही. दुसरी गोष्ट, विसर्जनानंतरही महिन्यातला एक रविवार हीच पाळी चालू राहील. लोखंडे यांना रविवार मिळवायला सहा वर्षे लागली. आम्हाला तो आपल्याच घरात द्यायचा आहे.

उत्सव संपला की तोच प्रश्न आम्ही पुन्हा घरोघरी लिहून देणार आहोत. उत्तरांसाठी पुढच्या स्मरणिकेत दोन पाने आत्ताच राखून ठेवली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!