अडीच वाजेपर्यंत

मार्च २०२४

बंगळुरूच्या डीलरकडून आलेली पोर्शे टायकान नोंदणीसाठी पुण्याच्या आरटीओत हजर केली जाते. गाडी विजेवर चालणारी, त्यामुळे रोड टॅक्स माफ. भरायचं शुल्क १,७५८ रुपये. तपासणीत लक्षात येतं की तेवढंही भरलेलं नाही. शुल्क भरून या, असं मालकाला सांगितलं जातं. शुल्क भरलं जात नाही.

गाडीकडे कर्नाटकातली तात्पुरती नोंदणी आहे. अशा नोंदणीवर गाडी फक्त आरटीओपर्यंत नेता-आणता येते. तरी पुढचे दोन महिने ती पुण्यातच असते, नंबरप्लेटशिवाय.

शनिवार, १८ मे २०२४, संध्याकाळ

बारावीचा निकाल लागला आहे आणि एका मुलाला मित्रांबरोबर पार्टी करायची आहे. वय १७ वर्षं ८ महिने. लायसन्स नाही, मिळण्याजोगं वयही नाही. घरात पगारी ड्रायव्हर आहे आणि तो त्या रात्री सोबत जाणार आहे.

मुलाकडे लायसन्स नाही हे माहीत असूनही वडिलांनी त्याच्या हाती गाडी दिली, असं पोलिसांनी फिर्यादीत नोंदवलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९९-अ हे कलम नेमकं याच क्षणासाठी आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. कायदा कडक आहे, पण तो लागू होतो गुन्हा घडून गेल्यावर. त्याआधी किल्ली न देणं एवढंच घरच्यांच्या हातात असतं.

रात्री १०.४०

मुलं पहिल्या पबमध्ये पोहोचतात.

महाराष्ट्रात कडक दारू पिण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. बीअर आणि वाइनसाठी २१. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो. तो देताना समोरच्याचं वय विचारणं आणि ओळखपत्र मागणं, हे दोन मिनिटांचं काम. अपघातानंतर अल्पवयीनांना दारू दिल्याबद्दल पबच्या मालकांना आणि व्यवस्थापकांना अटक झाली.

रात्री ११.३०

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं दगावली. मंत्रालयानेच केलेला हिशोब तासाला १९ मृत्यूंचा आहे. मुलं पबमध्ये शिरल्यापासून आतापर्यंत तास उलटत आला आहे.

रात्री १२.१०

पहिल्या ठिकाणी दारू देणं थांबतं, म्हणून मुलं तिथून निघतात. पोलीस आयुक्तांनी नंतर सांगितलं, दीड तासाचं बिल ४८,००० रुपये झालं होतं. म्हणजे हे टेबल कोपऱ्यात दुर्लक्षित राहण्यासारखं नव्हतं.

गाडी दुसऱ्या पबकडे जाते. रस्त्यावर विना नंबरची महागडी गाडी आहे, ती अडवायला कायद्याचं एवढं एकच कारण पुरेसं होतं.

रात्री १.३०

पब बंद करण्याची मुदत.

रात्री २ नंतर

मुलगा स्टिअरिंगवर आहे आणि घरचा ड्रायव्हर गाडीतच आहे, पण चालवत नाही. या रात्रीतला हा शेवटचा निर्णय आणि सगळ्यात स्वस्त. दोघांनी जागा बदलायच्या, बाकी काही नाही.

दिवसा कोंडीत सापडणारे कल्याणीनगरचे रस्ते या वेळी मोकळे असतात. मोकळा रस्ता गाडीचा वेग जाणवू देत नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १४ मीटर पुढे सरकते, ताशी १०० ने जाणारी २८ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत शुद्धीतल्या माणसालाही दीड सेकंद लागू शकतो. शंभरच्या वेगात तेवढ्यात ४० मीटरहून जास्त अंतर संपतं आणि ब्रेक तोवर लागलेलाच नसतो. दारू पोटात असेल तर हा दीड सेकंद लांबतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते.

देशात २०२२ साली रस्त्यावर गेलेल्या दर शंभर जीवांपैकी ७१ अतिवेगामुळे गेले. मरणाऱ्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते.

रविवार, १९ मे, रात्री २.३० च्या सुमारास

मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन संगणक अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, मित्रांना भेटून मोटारसायकलने परत निघाले आहेत. दोघंही २४ वर्षांचे.

कल्याणीनगरच्या चौकाजवळ भरधाव पोर्शे त्यांच्या दुचाकीला धडकते. दोघांचाही मृत्यू होतो.

धडकेनंतर

आजूबाजूचे लोक धावतात. गाडीतल्यांना बाहेर काढतात, मारहाण करतात, पोलिसांच्या ताब्यात देतात. सगळे येरवडा पोलीस ठाण्यात येतात.

तिथल्या दोन अधिकाऱ्यांनी हा अपघात नियंत्रण कक्षाला आणि वरिष्ठांना कळवला नाही, रक्ततपासणीलाही उशीर केला, असा ठपका नंतर ठेवला गेला. २४ मे रोजी दोघे निलंबित झाले.

पहाटे ३.३०

आता घड्याळाला वेगळाच अर्थ आला आहे. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या गतीने उतरतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. रुग्णालयात न्यायला होणाऱ्या उशिराचा प्रत्येक तास पुराव्यातून तेवढा भाग वजा करत जातो.

अपघाताच्या सरकारी आकडेवारीत दारू पिऊन चालवल्यामुळे झालेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास दिसतात. रात्रीचं कोणतंही मोठं शहर ओळखणाऱ्याला हा आकडा पटणार नाही. माझं मत असं की तो पिणाऱ्यांपेक्षा वेळेवर झालेल्या तपासण्या मोजतो. ज्याचं रक्त वेळेत घेतलं गेलं नाही, त्याचा अपघात ‘अतिवेग’ या रकान्यात जातो. पुढच्या वर्षीची नाकाबंदी कुठे आणि किती वाजता लावायची, हे त्याच रकान्यांवरून ठरत असेल, तर उशिरा घेतलेला एक नमुना एका खटल्यापुरता राहत नाही.

सकाळी

गुन्हा नोंदवला जातो. सुरुवातीला लावलेलं कलम ३०४-अ आहे, निष्काळजीपणामुळे मृत्यू. जामीनपात्र, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ नंतर वाढवलं जातं.

सकाळी ११ च्या सुमारास

धडकेला साडेआठ तास झाले आहेत. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना घेतला जातो.

तासाला १५ मिलिग्रॅम धरले तरी इतक्या वेळात सव्वाशेहून अधिक मिलिग्रॅम उतरतात. अडीच वाजता रक्तात मर्यादेच्या चौपट अल्कोहोल असतं, तरी अकरा वाजता ते जवळजवळ संपलं असतं. म्हणजे सरळ मार्गाने आलेला नमुनासुद्धा फारसं बोलला नसता. पोलिसांचा आरोप असा की तोही कचऱ्यात टाकला गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचं रक्त ठेवलं गेलं. २७ मे रोजी ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली.

त्याच रविवारी

बाल न्याय मंडळ मुलाला जामीन देतं. अटींमध्ये वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास आहे आणि अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध. देशभर संताप उसळल्यावर २२ मे रोजी मंडळ त्याला निरीक्षणगृहात पाठवतं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालय ते ठेवणं बेकायदा ठरवतं आणि त्याची सुटका होते.

१९ मे, संध्याकाळ

औंधच्या जिल्हा रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा दुसरा नमुना घेतला जातो. इतक्या उशिरा अल्कोहोल सापडण्याची आशा नसते, पण डीएनए टिकून असतो. औंधच्या नमुन्याचा डीएनए वडिलांच्या डीएनएशी जुळतो, ससूनच्या नमुन्याचा जुळत नाही. अदलाबदल उघड होते ती अशी.

अडीच वाजता रक्तात किती अल्कोहोल होतं, हे सांगणारा तपासणी अहवाल पोलिसांच्या हाती आला नाही. त्यामुळे मुलगा दारू प्यायला होता, हे त्यांना पबमधलं सीसीटीव्ही चित्रण, बिलं आणि साक्षीदार यांच्यावरून दाखवावं लागत आहे.