इंजिनाचं नाक

भाच्याने तीन रविवार घालवून पाणबुडी बांधली होती. संगणकावर, 'स्टॉर्मवर्क्स' नावाच्या खेळात. हा खेळ ब्रिटनमध्ये तयार झाला. 2018 मध्ये तो अर्धा-कच्चा लोकांच्या हाती आला आणि 2020 मध्ये पुरा झाला. ठोकळ्याला ठोकळा जोडत होडी, हेलिकॉप्टर, पाणबुडी, काय हवं ते उभं करायचं आणि वादळात सापडलेल्यांना सोडवायला निघायचं. मात्र बांधलेलं चाललं पाहिजे. इंजिन नुसतं ठेवून भागत नाही. त्याला डिझेलची नळी जोडावी लागते, हवेची जोडावी लागते, थंड राहायला पाणी फिरवावं लागतं आणि धुराला वाट काढून द्यावी लागते. यातलं एक जरी राहिलं तरी इंजिन गप्प.

त्याची पिवळी पाणबुडी लाटांवर झकास पळत होती. बुडी मारली की पाच-सात सेकंदांत इंजिनाचा आवाज खाली यायचा, काटा घसरायचा आणि सगळं शांत.

"मामा, टाकी फुल आहे, बॅटरी फुल आहे. मग बंद का पडतंय?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. हवेच्या नळीचं तोंड पाठीवर होतं, धुराचं शेपटीकडे. दोन्ही पाण्यात गेली होती. इंजिन हवेऐवजी समुद्र पीत होतं.

हे मला चटकन दिसलं, कारण आमच्या विहिरीवर इंजिन होतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की वरून ओढून येत नसे. पंप जितका वर, तितकं पाणी ओढणं अवघड, म्हणून वडील आणि दोन गडी दोर-पहारी लावून इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवत. खाली हँडल मारायला एकच माणूस मावायचा. पण इंजिन चालू करण्याआधी वडील धुराचा पाइप जोडत. तुकड्याला तुकडा लावत तो पार काठाच्या वर हातभर काढायचे. त्याच्या तोंडावर गोड्या तेलाचा एक जुना डबा तारेने सैल अडकवलेला असे. पाऊस आला तर पाणी आत जाऊ नये म्हणून. इंजिन सुरू झालं की प्रत्येक ठोक्याला तो डबा उचलायचा आणि पडायचा. खटक, खटक. शेतात कुठेही असलो तरी त्या आवाजावरून कळायचं की खाली सगळं ठीक आहे. पाइप न जोडता विहिरीत इंजिन चालवल्याने खाली उतरलेला माणूस वर आला नाही, आणि त्याला काढायला उतरलेलाही आला नाही, अशा बातम्या आपल्याकडे अजून वाचायला मिळतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला झोप येते, एवढंच.

इंजिनाची भूक आपण डिझेलने मोजतो, कारण पैसे त्याचे द्यावे लागतात. हवा फुकट, म्हणून ती कुणी मोजत नाही. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळपास दहा हजार लिटर. दोन लिटर क्षमतेचं मोटारीचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर ते मिनिटाला तीन हजार लिटर हवा ओढतं. दहा बाय बाराची खोली बंद करून ते आत चालवलं, तर दहा-बारा मिनिटांत त्या खोलीतली सगळी हवा एकदा त्याच्या पोटातून जाऊन येईल. पाणबुडीचं पोट ते केवढं! आणि त्याच हवेवर आतली माणसंही जगायची असतात.

पाण्याखाली इंजिन चालवायचं कसं, या प्रश्नाला माणसाने आजवर तीन वाटा काढल्या. हवा वरून आणायची, हवा बरोबर न्यायची, किंवा हवा लागणारच नाही असं काहीतरी जाळायचं. बार्सिलोनाच्या नार्सिस मोंतुरिओल यांनी तिसरी वाट सगळ्यांत आधी धरली. 'इक्तिनेओ 2' ही त्यांची लाकडी पाणबुडी 1864 मध्ये पाण्यात उतरली. जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्या रासायनिक क्रियेतून त्यांनी वाफेपुरती उष्णता काढली, आणि त्याच क्रियेतून सुटणारा ऑक्सिजन माणसांना श्वासासाठी मिळाला. इतकी सुरेख युक्ती! पण पैसे संपले, कंपनी बुडाली आणि 1868 मध्ये ती बोट भंगारात गेली.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो अमेरिकेचा सायमन लेक. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीने लहानपणीच झपाटलेला माणूस. 1897 मध्ये बाल्टिमोरला त्याने 'आर्गोनॉट' बांधली. तिला चाकं होती. पुढे दोन मोठी लोखंडी, मागे वळण्यासाठी एक. समुद्राच्या तळावरून ही गाडी खरोखर चालायची, आणि पाणबुड्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून तिला दारही होतं. आत तीस अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं, आणि ते पाण्याखाली चालायचं. कसं? आधी लेकने वर तरंगत्या बोयापर्यंत रबरी नळी सोडून पाहिली. मग नळी काढून टाकली आणि बोटीच्या पाठीवर पोलादी पाइप डोलकाठ्यांसारखे उभे केले. एकातून हवा खाली, दुसऱ्यातून धूर वर. पाइपाच्या उंचीइतकीच खोली गाठता यायची, पण तेवढ्यात ती गाडी चेसापीकच्या उपसागरात तळाच्या वाळूवरून हिंडून आली. 1898 मध्ये ती उघड्या समुद्रातून आपल्या बळावर गेली तेव्हा खुद्द व्हर्नने अभिनंदनाची तार पाठवली. आमच्या विहिरीतलं इंजिन आणि लेकची गाडी यांत मला तरी फरक दिसत नाही. दोघांचं नाक काठाच्या वर.

दुसरी वाट स्तेफान जेवियेत्स्की या पोलिश अभियंत्याने रशियात चालून पाहिली. 1908 च्या सुमारास आलेल्या त्याच्या 'पोचतोवी' बोटीत, म्हणजे 'टपाली'त, दाबून भरलेल्या हवेच्या बाटल्या होत्या. त्या हवेवर पेट्रोल इंजिनं पाण्याखालीही चालायची आणि धूर पंपाने बाहेर ढकलला जायचा. बोट चालली. पण पाण्याखाली लपण्यासाठी बांधलेली बोट आपल्या मागे बुडबुड्यांची लांबलचक रेघ ओढत जायची. शिवाय वरचा हिशोब इथे आडवा येतो. दोनशेपट दाबली तरी एका लिटर डिझेलच्या वाट्याची हवा पन्नास लिटरची बाटली अडवते. भाच्यानेही मध्ये एकदा हा प्रयोग केला होता. टाक्यांवर टाक्या रचत गेला आणि शेवटी माणूस बसवायला जागा उरली नाही.

नौदलांनी मग तडजोड स्वीकारली. जॉन हॉलंडची पाणबुडी अमेरिकी नौदलाने 1900 मध्ये विकत घेतली. तिच्यात वर इंजिन, खाली बॅटरी अशी वाटणी होती. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगभरच्या पाणबुड्या अशाच चालल्या. पाणबुडी म्हणायची, पण खरं तर ती अधूनमधून बुडी मारणारी होडीच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या नेहमीच्या बोटी बॅटरीवर चार नॉटच्या चालीने ऐंशी सागरी मैल जायच्या. म्हणजे वीस तास. मग वर येऊन, डिझेल सुरू करून बॅटरी भरत बसायचं.

मधल्या काळात नळीची आठवण लोकांना पुन्हा पुन्हा होत होती. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या गोदीतले जेम्स रिचर्डसन यांनी 1916 मध्ये पेटंट घेतलं, पण ते वापरलं गेलं नाही. इटलीत पेरिक्ले फेरेत्ती यांनी 1925 च्या सुमारास 'एच 3' बोटीवर नळी लावून डिझेल चालवून दाखवलं. तेही मागे पडलं. ती टिकवली डच लोकांनी. त्यांचे नौदल अधिकारी यान याकोब विखर्स यांनी वर-खाली होणारी नळी तयार केली आणि 1939 मध्ये सेवेत आलेल्या 'ओ 19' व 'ओ 20' या बोटींवर ती बसवली. डचांनी तिला नाव दिलं 'स्नाउव्हर', म्हणजे हुंगणारा.

मे 1940 मध्ये जर्मनीने हॉलंड घेतलं. काही डच बोटी निसटून ब्रिटनला पोचल्या, काही अर्धवट बांधलेल्या गोदीतच जर्मनांच्या हाती लागल्या. तेव्हा एकच वस्तू दोन्ही शत्रूंच्या हाती होती, आणि दोघांनीही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ब्रिटिशांनी तर आलेल्या बोटींवरून ती काढूनच टाकली. गरज पडेपर्यंत माणसाला समोरची वस्तू दिसत नाही, याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. मे 1943 या एका महिन्यात जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या गेल्या. बॅटरी भरायला वर आलं की रडार आणि विमानं टपलेलीच. तेव्हा हेल्मुट वाल्टर या अभियंत्याने डच नळीचा पाठपुरावा केला, 'यू 58' वर चाचण्या झाल्या आणि 1944 पासून ती लढत्या बोटींवर चढली.

नाव पडलं 'श्नॉर्केल'. जर्मनमध्ये 'श्नार्खन' म्हणजे घोरणं, आणि 'श्नॉर्केल' हा खलाशांच्या बोलीत नाकासाठीचा शब्द. पाण्यावर नुसतं नाक ठेवून घुर्र-घुर्र करत जाणारी बोट डोळ्यांसमोर आणा, नाव किती नेमकं आहे ते कळेल. ब्रिटिशांनी 'स्नॉर्ट' केलं, अमेरिकनांनी 'स्नॉर्कल'. युद्ध संपल्यावर हाच शब्द पोहणाऱ्यांच्या तोंडातल्या वाकड्या नळीला चिकटला. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर 'स्नॉर्केलिंग' असे फलक दिसतात. सिंधुदुर्गाच्या आसपास मुलं हसत-खिदळत पाण्यात तोंड घालून मासे बघतात. तो शब्द युद्धातल्या डिझेलच्या धुरातून आलेला आहे.

नळीच्या तोंडाशी चेंडूसारखा तरंगता गोळा असायचा. लाट आली की तो वर उचलला जाऊन भोक बंद करायचा, म्हणजे पाणी आत येत नसे. पण खाली इंजिन चालूच! त्याला हवा हवीच असते, मग ते बोटीतली हवा ओढू लागतं. क्षणात आतला दाब उतरतो, कानांत कळ जाते, डोळे बाहेर येतील असं वाटतं. लाट ओसरते, झडप उघडते, हवा धाडकन आत येते आणि कान पुन्हा फुटायला येतात. रात्रभर असंच. धुराची गोष्ट याहून वाईट. त्याचं तोंड पाण्याखाली असे, त्यामुळे बोट जराशी जास्त खाली गेली की पाण्याचा दाब धुराला मागे रेटायचा आणि तो माणसांत पसरायचा. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो; इंजिनाचा उच्छ्वास त्यापुढे किती टिकणार? त्यात चाल सहा नॉटच्या आसपासच ठेवावी लागे, नाहीतर नळी थरथरून मोडायची, आणि डिझेलच्या धडधडीत शत्रूचा आवाजही ऐकू येत नसे.

16 एप्रिल 1951 रोजी ब्रिटनची 'अफ्रे' ही पाणबुडी इंग्लिश खाडीत 75 माणसांसह नाहीशी झाली. दोन महिन्यांनी ती तळाशी सापडली तेव्हा तिची श्नॉर्केलची नळी तुटून पडलेली होती. सोव्हिएत नौदलाने 1950 च्या दशकात नळीशिवाय डिझेल चालवायचा ध्यास घेतला. द्रवरूप ऑक्सिजन टाकीत, आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने शोषून तोच वायू पुन्हा इंजिनात. खलाशांनी त्या बोटींना 'लायटर' नाव ठेवलं, कारण त्या पेट घ्यायच्या. 1957 मध्ये त्यांतली 'एम 256' टालिनजवळ जळून बुडाली. 35 जण गेले. पाण्याखाली श्वास घेण्याची ही किंमत वाचताना मला दर वेळी विहिरीच्या टप्प्यावर वाकलेली वडिलांची पाठ दिसते.

नळी मात्र अजून आहे. माझगाव गोदीत बांधलेली आणि 14 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत नौदलात दाखल झालेली 'कलवरी' आजही बॅटरी भरायला नाक वर काढूनच डिझेल चालवते. ते नाक कमी वेळा काढावं लागावं म्हणून आपल्या अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधन-घटावर चालणारी यंत्रणा तयार केली, आणि मार्च 2021 मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी झाली. तिच्यात काही जळत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन शांतपणे एकत्र येऊन वीज देतात. मोंतुरिओल यांना ती पाहायला मिळायला हवी होती.

भाच्याला मी यातलं थोडंच सांगितलं. त्याने पाणबुडीच्या पाठीवर सरकती नळी बसवली, हवेच्या वाटेवर झडप घातली आणि पाण्याची जाणीव झाली की ती मिटेल अशी जोडणी केली. पहिल्याच बुडीत इंजिन चालू राहिलं. तो खुर्चीतून उठला. मग एक मोठी लाट आली, झडप मिटली, आवाज खोल गेला, आणि आता बंद पडणार असं वाटत असतानाच पुन्हा चढला.

"हवेचं झालं. पण धुराच्या तोंडातून पाणी उलटं येतंय अजून. त्यावर काय लावू?"

मी त्याला तेलाच्या डब्याबद्दल सांगितलं. आतून धूर आला की उचलायचा, थांबला की आपोआप पडायचा. तो ऐकत होता आणि हाताने हवेत तशीच हालचाल करून बघत होता, खटक, खटक.