शिवणाचा तास

बुधवारचे शेवटचे दोन तास आठवतात? घंटा झाली की मुलं सुतारकामाच्या खोलीकडे पळायची आणि आम्ही मुली वाचनालयाशेजारच्या लांबट खोलीत जमिनीवर गोल करून बसायचो. शिवणाच्या बाई फळ्यावर टाका काढून दाखवायच्या. प्रत्येकीकडे जाड पानांची एक वही असायची. पानावर मांजरपाटाचा तुकडा चिकटवलेला आणि त्यावर एकेक टाका : धावदोरा, टीप, हेम, साखळी, काज. त्या वहीला वीस गुण होते.

आज सत्तावीस वर्षांनी कबूल करते. माझी वही माझ्या आजीने शिवली होती. मी तेव्हा बीजगणिताची गणितं सोडवत बसले होते. बाईंनी वही उघडली, कापडाची मागची बाजू पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात तुझा नाही. पण हात चांगला आहे." वीसपैकी अठरा गुण दिले. ते गुण आजीचे होते, हे त्यांना आणि मला दोघींनाही माहीत होतं. पुढे दहावीत शिवणाचा तास गणिताला दिला गेला, तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला तेव्हा मी सॉफ्टवेअरविषयी लिहीन असं सगळ्यांनी धरून चालले होते. मला मात्र त्या तासाविषयी लिहायचं आहे. तो तास शाळेत आला कुठून, आणि त्यातून जे शिकायचं राहिलं ते मला पुढे कुठे सापडलं, याची ही हकिकत.

आपल्याकडे मुलींनी घराबाहेर बसून, वर्गात शिवण शिकण्याला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं. तिथे येणाऱ्या बायकांमध्ये अनेक विधवा होत्या. लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकवलं जाई, ते घर सजवण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली. तीच नई तालीम. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शाळेत कामाचा अनुभव हवा असं सांगितलं, आणि आपल्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' हा शब्द आला. इतक्या मोठ्या विचारातून आलेला तास आपल्यापर्यंत पोचेपर्यंत बराच विरला होता. मुलींना सुई, मुलांना करवत अशी वाटणी झालेली, आणि परीक्षा जवळ आली की दोन्ही बंद.

गंमत अशी की शिवण शिकायची खरी शाळा आपल्याच गल्लीत भरत होती. कृष्णाकाठच्या आपल्या गावात पुण्यामुंबईकडच्या गोधडीला वाकळ म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी, पावसाळ्याच्या आधी, कुणाच्या तरी सोप्यात वाकळ अंथरली जायची. जुनं लुगडं खाली, जुनं लुगडं वर, मध्ये उसवून धुतलेले सदरे, परकर, धोतरं. कडा ताणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, मिळेल ते वजन ठेवायचं. मग चारी बाजूंनी बायका बसायच्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत यायच्या. नवी सून आली की तिला मधल्या भागाला हात लावू देत नसत. आधी कड. टाका लांब पडला तर शेजारची न बोलता उसवायची. हे सगळं आम्ही ओलांडून जात होतो, तेही पाय लागला म्हणून ओरडा खात.

मी अभियांत्रिकीला गेले, नोकरीला लागले आणि २००६ मध्ये कंपनीने अमेरिकेत अटलांटाला पाठवलं. तिथे तेव्हा घराची बिलं चेकने टपालातून पाठवावी लागत. तिकिटं आणायला पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसाने ३९ सेंटांच्या तिकिटांचा एक नवा ताव पुढे केला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तिकिटांवर वाकळी होत्या! विटक्या निळ्या कापडाच्या, वाकड्यातिकड्या पट्ट्यांच्या, कुठलीच रेघ सरळ नसलेल्या. मागे लिहिलं होतं : जीज बेंड, अलाबामा.

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेलं हे एक छोटं गाव. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या माणसाने तिथे गुलामांकडून कापसाची शेती सुरू केली. १८४५ मध्ये ती पेटवे नावाच्या मालकाकडे गेली. गुलामी संपली तरी माणसं तिथेच खंडाने शेती करत राहिली. म्हणून आजही गावात पेटवे आडनावाची कितीतरी घरं आहेत. १९३२ मध्ये त्यांना उधार देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेच्या माणसांनी वसुलीसाठी घरांतली धान्यं, जनावरं, अवजारंसुद्धा उचलून नेली. अशा गावात थंडीसाठी विकतचं पांघरूण कुठून येणार? फाटक्या विजारी, पिठाची पोती, झिजलेले सदरे, जे हाती लागलं ते बायकांनी जोडलं. आईने मुलीला, मावशीने भाचीला शिकवलं. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची वाकळ शिवली. त्याची आठवण म्हणून ती पांघरायची होती. गुडघ्याला विटलेलं, खिशाखाली गडद राहिलेलं ते कापड आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

१९६२ मध्ये गावातली काळी माणसं मतदार म्हणून नोंदणीच्या मागे लागली, तेव्हा पलीकडच्या कॅम्डेन गावाला जाणारी तर बंद झाली. नदीपार जायला तासाभराचा वळसा पडू लागला. नोंदणी करणाऱ्यांची कामं गेली, काहींची घरं गेली. त्या काळात फ्रान्सिस वॉल्टर हा पाद्री त्या भागात फिरत असताना त्याला दोरीवर वाळत घातलेल्या वाकळी दिसल्या. त्या न्यूयॉर्कला लिलावात विकता येतील असं त्याला वाटलं. मार्च १९६६ मध्ये बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली : फ्रीडम क्विल्टिंग बी. अनेकींनी एकत्र जमून एक काम उरकण्याला अमेरिकेत 'बी' म्हणतात. इस्टेल विदरस्पून या त्या भागातल्याच बाईने कितीतरी वर्षं संस्थेचा कारभार पाहिला. ज्यांना तोवर मजुरीशिवाय स्वतःचा पैसा माहीत नव्हता, त्यांच्या हातात शिवणाचा पैसा आला.

पण यात एक पेच होता, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या पेचाने. दुकानांना एकसारखा माल लागतो. संस्थेत बायकांना ठरलेले नमुने, ठरलेली मापं, सरळ रेघा शिवाव्या लागत. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तिथे तर हाताला काही मोकळीकच नव्हती. त्याच बायका उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या घरी नेत आणि रात्री आपल्या मनाने जोडत. जगाने पुढे ज्यांना कला म्हटलं त्या बहुतेक या घरच्या वाकळी. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. २००६ मध्ये तिकिटं निघाली, आणि त्याच वर्षी चव्वेचाळीस वर्षांनी तर पुन्हा सुरू झाली.

त्या तिकिटांच्या तावामुळे मी घराजवळच्या एका क्विल्टिंगच्या वर्गात नाव घातलं. आम्ही बारा जणी होतो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. पहिले तीन आठवडे फक्त मापं. गोल पात्याच्या कटरने कापड कापायचं आणि शिवणीसाठी बरोबर पाव इंच सोडायचं. वरचा जोडकामाचा थर, मधला कापसाचा, खालचं अस्तर, आणि तिन्ही थरांतून जाणारा टाका. मग सामूहिक काम आलं. रुग्णालयातल्या नवजात बाळांसाठी एक दुपटं करायचं, प्रत्येकीने घरून नऊ चौकोनांचा एक ठोकळा शिवून आणायचा. माझा ठोकळा अर्ध्या इंचाने लहान निघाला, कारण पाव इंचाकडे मी हलगर्जीपणाने पाहिलं होतं. चूक एवढीशी, पण नऊ चौकोनांत मिळून वाढत गेलेली. बारा ठोकळ्यांची ओळ माझ्यापाशी येऊन अडली. शेजारच्या बाईने काही न बोलता माझी शिवण उसवायला घेतली. त्या क्षणी मला आमच्या गल्लीतला सोपा आठवला. ऑफिसात चार जणांनी लिहिलेला प्रोग्राम एकत्र बसवताना जी शिस्त मी रोज दुसऱ्यांना सांगत होते, ती मला इथे चिंध्यांनी शिकवली.

शेवटच्या दिवशी कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे भारतात कशा शिवतात?" मला सांगता आलं नाही. कड आधी की मध्य आधी, हेसुद्धा नक्की आठवेना. घरी येऊन वाचायला लागले तेव्हा आपल्या अगदी शेजारची एक गोष्ट कळली. कारवार, हल्याळ, यल्लापूरकडच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून निसटलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्या बायका कवंडी शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांचं 'फूल'. फुलाशिवाय कवंडी पुरी होत नाही. त्यांच्याही काही बायका अलीकडे एकत्र येऊन कवंडी विकू लागल्या आहेत. अलाबामातल्या आणि कारवारच्या, दोघींचे पूर्वज आफ्रिकेतून विकून आणलेले. दोघींनीही जुन्या कापडाचा तुकडा फेकला नाही.

२०१२ मध्ये मी परत आले. आजी तोवर गेली होती. मी आईला म्हटलं, मला वाकळ शिकव. आई हसली. "त्यासाठी एवढ्या लांब जाऊन आलीस होय?" तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, डोळे अधू झाले होते. ती खुर्चीवर बसून सांगायची, मी जमिनीवर बसून शिवायची. माझे सरळ, मोजून घातलेले टाके पाहून एकदा म्हणाली, "हे वहीतलं वाटतंय. कापड जिथं ओढतंय तिथं जा की." जीज बेंडचा पेच तिने एका वाक्यात सोडवला. माप यायला हवं आणि ते कधी सोडायचं हेही कळायला हवं. ती वाकळ पुरी व्हायला दोन उन्हाळे लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात आई नव्हती. तिची लुगडी अजून कपाटात आहेत. त्यांना कात्री लावायचं धाडस मी अजून केलेलं नाही. मिसूरी पेटवेला ते कसं जमलं असेल, असं कपाट उघडताना मनात येतं.

आता थोडं आपल्या तुकडीविषयी. गेल्या दिवाळीपासून आपण एक वाकळ करतो आहोत. प्रत्येकाने घरातल्या जुन्या कापडाचा एक वीत चौकोन पाठवायचा, एवढंच ठरलं होतं. आतापर्यंत एकतीस आलेत. कुणी वडिलांच्या एसटीच्या खाकी गणवेशाचा दिलाय, कुणी मुलीच्या पहिल्या झबल्याचा, कुणी दुबईहून, कुणी नांदेडहून. मुलांचे चौकोन वाकडे आहेत, कारण त्यांच्या हातात शाळेने सुई कधी दिलीच नाही. दर रविवारी सकाळी पुण्यात आठ-दहा जण जमतो. त्यात तिघे मुलगे आहेत आणि एकाचा धावदोरा माझ्यापेक्षा चांगला आहे. सुतारकामाचा तास आम्हाला मिळाला असता तर आमचंही काय झालं असतं, याची चर्चा चहाच्या वेळी होते.

बाईंना भेटायला गेलो होतो. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी त्यांना वहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी आजी एकदा शाळेत येऊन मला भेटून गेली होती. म्हणाली, पोरीला नापास करू नका, तिचं लक्ष गणितात आहे, शिवण ती पुढं शिकंल." हे मला आजीने कधीच सांगितलं नव्हतं. बाईंनी आपल्या एका जुन्या सुती साडीचा चौकोन कापून दिला, मोजून, चारी कडांना पाव इंच जास्त ठेवून.

माझ्या आईच्या लुगड्याचा चौकोन अजून द्यायचा आहे. संमेलनाच्या आदल्या रात्री कापीन म्हणते.

वाकळीची खालची कड आम्ही मुद्दाम पुरी केलेली नाही. ज्यांचे चौकोन यायचे राहिलेत त्यांनी ते संमेलनाला येताना सोबत आणावेत, कापड धुतलेलं असावं. सुई, दोरा आणि शिकवणारे हात तिथे असतील. त्याच जुन्या लांबट खोलीत, जमिनीवर, गोल करून बसू. नंतर ही वाकळ शाळेतच राहील, आणि मुख्याध्यापक हो म्हणाले तर बुधवारचे शेवटचे दोन तासही. या वेळी मुलांसाठी आणि मुलींसाठी, दोघांसाठी.