पांगलाँगचा मोडलेला शब्द आणि ब्रह्मदेशातलं न संपणारं युद्ध

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ब्रह्मदेश म्हटलं की मंडालेचा तुरुंग आठवतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आठवायला हवी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, ते महास्थविर चंद्रमणी मूळचे अराकानचे. त्या अराकानला आज राखाईन म्हणतात आणि तिथे अराकान आर्मी व म्यानमारचं लष्कर यांच्यात युद्ध चालू आहे. दोन्हीकडचे बहुतेक सैनिक बौद्ध. मध्ये भरडले जातात ते रोहिंग्या मुसलमान. तेव्हा "तिकडच्या भानगडीशी आपला काय संबंध" हे म्हणणं आपल्याला तरी परवडणारं नाही. उद्या कुणी तोंडावर विचारलं की तुमचा धम्म शांतीचा, मग हे काय चाललंय, तर उत्तर माहीत असायला हवं.

या युद्धाची सुरुवात 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी सत्तापालटापासून सांगितली जाते. ते अर्धंच खरं आहे. सत्तापालटाने आगीत तेल ओतलं, पण आग 1948 पासून कधी पूर्ण विझलीच नव्हती. शांतता होईल की युद्ध आणखी पसरेल, हे ओळखायचं तर आज कुठलं शहर कुणाच्या हातात गेलं यापेक्षा 1947 साली कोणता शब्द दिला गेला आणि तो कसा मोडला, हे आधी पाहावं लागतं.

12 फेब्रुवारी 1947. शान प्रदेशातलं पांगलाँग गाव. आंग सान तिथे शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांना भेटले आणि करार झाला. डोंगरी मुलखाला अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता तत्त्वतः मान्य, त्या बदल्यात सगळ्यांनी मिळून इंग्रजांकडून स्वातंत्र्य घ्यायचं. करेन लोकांनी सही केली नाही, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. पाच महिन्यांनी, 19 जुलैला, आंग सान यांचा खून झाला. शब्द देणारा माणूस गेला आणि शब्द कागदावर राहिला. नव्या राज्यघटनेत शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर संघराज्यातून बाहेर पडण्याचा हक्क लिहिला होता. काचिनांना तो मिळाला नाही. 4 जानेवारी 1948 ला देश स्वतंत्र झाला. काही महिन्यांत कम्युनिस्टांनी बंड केलं आणि 1949 च्या सुरुवातीला करेन सशस्त्र लढ्यात उतरले.

ही गोष्ट वाचताना मला बाबासाहेबांचं मे 1945 मधलं मुंबईतलं भाषण आठवतं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनातलं. बहुसंख्य समाजाला इतरांपेक्षा जास्त जागा असू द्या, पण एकट्याच्या बळावर सगळ्यांवर राज्य करता येईल इतक्या देऊ नका, हा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी हिंदुस्थानासाठी मांडला. शेजारच्या ब्रह्मदेशात त्याच्या नेमकं उलट घडलं. बामर समाज लोकसंख्येच्या दोन तृतीयांश. लष्कर त्यांच्या हातात, राजधानी त्यांची, भाषा त्यांची. उरलेल्यांना स्वायत्तता मिळाली ती वर्षातून एकदा, 12 फेब्रुवारीला, 'युनियन डे'च्या संचलनापुरती.

डिसेंबर 1954 मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच सुमारास तिथे सहावी संगीती चालू होती. पंतप्रधान ऊ नू यांनी धम्मासाठी केलेलं काम खरंच मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात करेन डोंगरात गोळीबार चालू होता. पुढे 1961 मध्ये ऊ नू यांनी बौद्ध धर्माला राज्याचा धर्म करणारा कायदा केला. काचिन आणि चिन समाज मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती. काचिनांची सशस्त्र संघटना त्याच वर्षी उभी राहिली. त्यामागे चीनला दिलेल्या सीमेवरच्या गावांचाही राग होता, पण राज्यधर्माचा प्रस्ताव हे मोठं कारण होतं. धम्माला सरकारी शिक्का मिळाला आणि डोंगरातल्या माणसाला कळलं की या देशात आपण दुय्यम आहोत. आपल्याकडे हिंदुराष्ट्राला विरोध करणाऱ्यांनी ब्रह्मदेशातल्या या बौद्धराष्ट्रालाही तोच नियम लावायला हवा. माप एकच पाहिजे.

1962 च्या फेब्रुवारीत रंगूनमध्ये शान पुढारी संघराज्याच्या सुधारणेची मागणी घेऊन चर्चेला बसले होते. 2 मार्चला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. कारण काय दिलं? देश फुटतोय. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाईक हे शान संस्थानिक, पांगलाँगला स्वतः हजर असलेले. त्यांना अटक झाली, त्याच रात्री त्यांचा किशोरवयीन मुलगा गोळीने मेला आणि तेही वर्षअखेरीस कैदेतच वारले. संघराज्य मागणं म्हणजे देशद्रोह, हे समीकरण त्या रात्री पक्कं झालं. ते आजही लष्कराच्या डोक्यातून गेलेलं नाही.

त्यानंतरचा इतिहास हा युद्धविरामांचा इतिहास आहे. 1989 मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला. त्यातून निघालेल्या कोकांग, वा वगैरे गटांशी लष्कराने एकेक करून समझोते केले : बंदुका ठेवा, धंदा करा, राजकारण मागू नका. काचिनांशी 1994 मध्ये युद्धविराम झाला. तो सतरा वर्षं टिकला आणि जून 2011 मध्ये तुटला, कारण सतरा वर्षांत राजकीय बोलणी पुढे सरकलीच नाहीत. ऑक्टोबर 2015 मध्ये 'देशव्यापी युद्धविराम करार' झाला. नाव देशव्यापी, सही आठ गटांची. काचिन, वा, अराकान आर्मी बाहेरच. 2008 च्या राज्यघटनेत लष्कराने संसदेच्या पंचवीस टक्के जागा स्वतःसाठी राखल्या आणि घटनादुरुस्तीला पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतांची अट घातली. म्हणजे कुलूपही त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच.

आंग सान सू की 2016 मध्ये सत्तेत आल्या. त्यांनी '21 व्या शतकातलं पांगलाँग' भरवलं, पण वडिलांचा शब्द पाळायला लागणारी ताकद त्यांच्याकडे नव्हती आणि माझ्या मते पुरेशी इच्छाही नव्हती. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. डिसेंबर 2019 मध्ये सू की हेगच्या न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला स्वतः गेल्या. चौदा महिन्यांनी त्याच लष्कराने त्यांना पहाटे उचललं.

आता धम्माच्या प्रश्नाकडे येऊ. रोहिंग्यांची गावं जाळली गेली त्याच वर्षी, ऑक्टोबर 2017 मध्ये, सीतागू सयादॉ या मोठ्या मान्यतेच्या भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर महावंसातली दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. युद्धात असंख्य माणसं मारून अस्वस्थ झालेल्या राजाला अर्हत सांगतात की तू खरं तर दीडच माणूस मारलास, बाकीचे धम्माबाहेरचे. ही कथा सैनिकांपुढे सांगण्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. पण 2007 मध्ये याच देशातल्या हजारो भिक्खूंनी लष्कराकडून भिक्षा नाकारून पात्रं पालथी घातली होती, हेही तितकंच खरं आहे. संघ एकच होता, चीवर तेच होतं. फरक पडला तो सत्तेच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं या निवडीने.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गृहत्यागाचं जे कारण दिलं आहे ते इथे फार उपयोगी पडतं. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघात येतो. सिद्धार्थ विरोध करतो, बहुमताने हरतो, सैन्यात जायला नकार देतो आणि परिव्रज्या पत्करतो. म्यानमारमध्ये हे आज शब्दशः घडतंय. 2021 नंतर हजारो सैनिक-पोलिसांनी लष्कर सोडलं, कर्मचाऱ्यांनी असहकार केला. फेब्रुवारी 2024 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला तेव्हा तरुण पोरं थायलंडकडे धावली. माझ्या मते सिद्धार्थाचे वारस या पोरांमध्ये शोधावेत.

युद्धाची आजची स्थिती थोडक्यात. 27 ऑक्टोबर 2023 ला उत्तरेतल्या तीन गटांनी एकत्र हल्ला केला आणि ऑगस्ट 2024 पर्यंत लाशियोतलं लष्कराचं प्रादेशिक मुख्यालय पडलं. डिसेंबर 2024 मध्ये राखाईनमधलं दुसरं पडलं. लष्कर कोसळणार असं वाटू लागलं. ते कोसळलं नाही, आणि याचं मोठं कारण चीन आहे. राखाईनच्या किनाऱ्यावरच्या क्यौकफ्यूपासून युन्नानपर्यंत चीनच्या तेल-वायूच्या वाहिन्या आहेत, काचिनमधली दुर्मीळ खनिजं तिकडेच जातात. चीनने सीमेवरची नाकी बंद केली, बंडखोरांवर दबाव आणला आणि एप्रिल 2025 मध्ये लाशियो लष्कराला परत मिळालं. पुढे तांग गटानेही चीनच्या मध्यस्थीने माघार मान्य केली. मार्च 2025 च्या भूकंपानंतर युद्धविराम जाहीर झाला, तरी विमानं बॉम्ब टाकतच राहिली. सू कींचा पक्ष आधीच बरखास्त केलेला, आणि 28 डिसेंबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली गेली, तीही देशाच्या मोठ्या भागात मतदान नसताना.

मग पुढे काय? दोन राष्ट्रांमधलं मोठं युद्ध यातून पेटेल असं मला वाटत नाही. चीन, भारत, थायलंड, कुणालाच ते नको आहे. चीनच्या नाकाबंदीखाली तुकड्यातुकड्याने युद्धविराम होतील, 1989 सारखेच. उत्तरेत बंदुका काही काळ थंडावतील. पण सागाईंगसारख्या खुद्द बामर मुलखातही आता लष्कराविरुद्ध लोक लढताहेत, आणि हे पूर्वी कधी या प्रमाणात नव्हतं. एप्रिल 2023 मध्ये तिथल्या पाझीजी गावावर हवाई हल्ला होऊन शंभराहून अधिक माणसं मेली. देशात तीस लाखांहून जास्त लोक विस्थापित आहेत. उत्तरेतून मोकळी झालेली फौज आणि विमानं याच मध्य भागाकडे आणि राखाईनकडे वळण्याचा धोका मला जास्त दिसतो. म्हणजे एका सीमेवरची 'शांतता' ही दुसऱ्या गावावरचा बॉम्ब ठरते.

आशेची जागा एकच दिसते. पहिल्यांदाच मोठ्या संख्येने बामर तरुण काचिन-करेनांच्या छावणीत जाऊन राहिले, त्यांच्याकडून शिकले. संघराज्य म्हणजे देशद्रोह हे जुनं समीकरण त्यांच्या मनातून गेलं आहे. पण याच चळवळीची खरी कसोटी राखाईनमध्ये आहे. बौद्ध अराकान आर्मीच्या ताब्यात आता राखाईनचा बहुतांश भाग आहे आणि तिच्यावरही रोहिंग्यांच्या छळाचे गंभीर आरोप आहेत. लष्कराने तर ज्यांना नागरिकत्व नाकारलं त्याच रोहिंग्यांना जबरदस्तीने भरती करून आघाडीवर पाठवलं. उद्या लष्कर हरलं आणि 1982 चा नागरिकत्व कायदा तसाच राहिला, तर फक्त बहुसंख्याक बदलतील.

आणि आपला देश? म्यानमारशी आपली 1643 किलोमीटरची सीमा आहे. मिझोराममधल्या लोकांनी केंद्राची नाराजी पत्करून चिन निर्वासितांना घरात घेतलं, चर्चमधून धान्य गोळा केलं. दिल्लीने 2024 मध्ये सीमेवरची मुक्त ये-जा बंद करून कुंपण घालण्याची घोषणा केली आणि एप्रिल 2025 मध्ये पंतप्रधान बँकॉकला मिन आंग ह्लाईंग यांना भेटले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत ज्या तीन देशांची नावं आहेत त्यांत म्यानमार नाही. जगाला बुद्ध दिला असं प्रत्येक परदेशी व्यासपीठावर सांगणाऱ्या या सरकारच्या कायद्यात लष्कराच्या बॉम्बमधून पळून आलेल्या ब्रह्मी भिक्खूलाही जागा नाही. चिन ख्रिश्चनाला नाही, रोहिंग्याला तर नाहीच.