खाटा मोजल्या, हात कोण मोजणार?



आपल्या ठाणे जिल्ह्यात मानपाडा दोन आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवलीत. दोन्हीकडे टॉवर उभे राहिले, खासगी रुग्णालयांच्या पाट्या लागल्या. पण दोन्हीकडच्या वस्तीतल्या माणसाला मोठे आजारपण आले की शेवटी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयाचीच पायरी चढावी लागते. तिथे गेल्यावर आपण सिस्टरवर चिडतो, वॉर्डबॉयशी भांडतो, संडास घाण आहे म्हणून मावशीला बोलतो. त्या वॉर्डात किती माणसे असायला हवी होती, हा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला, आणि त्यातली किती माणसे प्रत्यक्षात आहेत, हे मात्र आपण विचारत नाही. सरकारी भाषेत याला 'आकृतिबंध' म्हणतात. हा रुक्ष शब्द फायलीतच राहतो. पण आपल्या माणसांचे जगणे-मरणे आणि आपल्या पोरांच्या नोकऱ्या, दोन्ही याच शब्दात अडकलेल्या आहेत. म्हणून त्याचा इतिहास आपल्याला माहीत असला पाहिजे.

१९४६ चे दोन कागद

१९४३ साली ब्रिटिश सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने ठरवले की १९७१ पर्यंत ५०० लोकांमागे एक परिचारिका आणि २,००० लोकांमागे एक डॉक्टर हवा. उपचाराचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे या अहवालाचे मूळ सूत्र होते. पदे किती हवीत हे लोकसंख्येवरून मोजण्याची पद्धत आपल्याकडे या अहवालाने रूढ केली.

त्याच काळात, १९४२ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तास काम होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ तासांवर आले. ते विधेयक बाबासाहेबांच्या खात्याचे होते. त्याच्याही आधी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू मांडली होती. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एक सांगतो की लोकांना सेवा देणारे हात किती हवेत. दुसरा सांगतो की त्या हातांना किती तास राबवायचे याला मर्यादा आहे. रुग्णालयाचे मनुष्यबळ ठरवताना दोन्ही लागतात. स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी पहिला कागद अर्धवट वापरला आणि दुसरा वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवला. कारखान्याचा कायदा कारखान्यालाच लागू राहिला. रुग्णालयातली डबल ड्यूटी 'सेवा' ठरली.

एका जागेला माणसे किती?

पुढे भारतीय परिचर्या परिषदेने खाटांवरून प्रमाण ठरवले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा पदे. ऐकायला हे चांगले वाटते. पण तीन खाटांमागे एक याचा अर्थ तिन्ही पाळ्या मिळून एक. म्हणजे एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक. आणि हिशेब होतो तो मंजूर खाटांवर. जमिनीवर गादी टाकून झोपवलेला रुग्ण या हिशेबात येतच नाही.

आता साधे गणित करू. वर्षाचे दिवस ३६५. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा, सुमारे २० सार्वजनिक सुट्या आणि ५ दिवस प्रशिक्षण वजा करा. उरले २५० दिवस. वॉर्डात मात्र रोज तीन पाळ्या चालतात, म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या. एका परिचारिकेची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर १,०९५ भागिले २५०, म्हणजे ४.३८ माणसे लागतात. 'तीन पाळ्या, तीन माणसे' असे कोणी सांगत असेल, तर त्या तिघी मिळून ७५० पाळ्या भरतील. उरलेल्या ३४५ पाळ्या कोण भरणार? त्याच तिघी भरतात, सुटी बुडवून, लागोपाठ दोन पाळ्या करून.

रजेसाठीची जादा पदे भरली नाहीत की बाबासाहेबांनी ज्या बाळंतपणाच्या रजेसाठी भांडण केले ती रजाच शिक्षा बनते. एक बाई रजेवर गेली की तिचे काम बाकीच्या बायांवर पडते आणि त्या तिलाच दोष देतात. हक्क कायद्यात आहे, पण त्याला लागणारे पद आकृतिबंधात भरलेले नाही. मग तो हक्क कागदावरचाच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये याहून न्याय्य पद्धत पुढे आणली आणि २०१० मध्ये ती सुधारली. ती खाटांपासून सुरू होत नाही, कामापासून सुरू होते. प्रत्येक विभागात कोणती कामे होतात, नीट करायचे तर एका कामाला किती मिनिटे लागतात, वर्षाला ते काम किती वेळा होते, आणि एका कर्मचाऱ्याकडे वर्षाला खरोखर किती तास असतात, हे मांडायचे. त्यातून माणसे किती हवीत ते निघते. आहेत त्यांना हवीत त्यांनी भागले की भार कळतो. आकडा एकपेक्षा जितका कमी, तितका त्या विभागावर ताण जास्त.

समजा, ४० खाटांच्या वॉर्डात ६० रुग्ण आहेत आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. आठ तासांची मिनिटे ४८०. पाळी घेणे-देणे आणि नोंदी यांचा एक तास काढला तर उरली ४२०. म्हणजे अख्ख्या रात्रीत एका रुग्णाच्या वाट्याला सात मिनिटे. सलाइन, इंजेक्शन, ताप, रक्तदाब, श्वास लागलेल्याकडे धाव, सगळे त्या सात मिनिटांत. एक रुग्ण अत्यवस्थ झाला की उरलेल्या ५९ जणांची मिनिटे संपली. इथे 'हलगर्जी' हा शब्द वापरण्याआधी भागाकार करावा लागतो.

या पद्धतीत आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. मिनिटाला जात नसते. संडास धुण्याचे मिनिट आणि शस्त्रक्रियेचे मिनिट, दोन्ही मोजावी लागतात. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करते आणि ते कप्पे एकावर एक रचते. रुग्णालयात वर्ग एक ते वर्ग चार अशी उतरंड आहे आणि तिच्याही खाली कंत्राटदाराचा माणूस. तळाशी असलेले काम सगळ्यात शेवटी मोजले जाते आणि सगळ्यात आधी कंत्राटात जाते. तळाशी कोणत्या समाजाची माणसे आहेत, हे आपल्याला सांगायला नको.

२०२३ चे तीन महिने

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ठाणे महापालिकेचे हे ५०० खाटांचे रुग्णालय. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवले गेले होते आणि तिथला भार कळव्याकडे वळला होता. प्रशासन म्हणाले, रुग्ण गंभीर अवस्थेत आले. काही जण तसे आलेही असतील. पण एक रुग्णालय हलवताना दुसऱ्याकडे किती रुग्ण वाढतील आणि त्यासाठी किती हात लागतील, हा हिशेब आधी करायचा असतो.

त्यानंतर महिन्याभरात, ६ सप्टेंबरला, शासन निर्णय आला. शासकीय कामांसाठी नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून माणसे घेण्याचा. त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बाळे होती. ३ ऑक्टोबरला एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजातले. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला रिक्त पदांचीही माहिती मागितली.

त्या संडासाच्या प्रसंगाकडे नीट पाहा. शिक्षा म्हणून संडास धुणे निवडले गेले, कारण त्या कामाला अपमान मानणारी नजर आधीच तयार होती. जो माणूस रोज तेच काम करतो, तो मग कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगतो आहे? सफाई कामगारांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा प्रश्न झाडू हातात देण्याआधी विचारायचा होता.

२० ऑक्टोबरला कंत्राटी भरतीचा तो निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली. तरुणांचा दबाव कामी आला, पण कंत्राट संपलेले नाही. पालिकांना आस्थापना खर्च ३५ टक्क्यांत ठेवायचा असतो. कंत्राटदाराचे बिल वेगळ्या शीर्षाखाली जाते, म्हणून कागदावर आस्थापना आटोक्यात दिसते. पद रिक्त राहिले की बिंदुनामावलीतला आपला बिंदूही रिक्त राहतो. कंत्राटदार बिंदुनामावली पाहत नाही. आरक्षण रद्द करायला घटनादुरुस्ती लागत नाही, पद भरले नाही तरी पुरते.

आणि दुर्घटना घडली की जबाबदारी कोणावर? जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळे गेली. कारवाईत वरिष्ठांचे निलंबन झाले, बदली झाली. कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवण्यात आली. चूक कोणाची किती हे न्यायालय ठरवेल. पण कंत्राटी माणसाला निलंबनाचाही हक्क नसतो, हे आपण लक्षात ठेवावे.

'सेवा' या शब्दाची फसवणूक

यावर उत्तर येते की हे क्षेत्र सेवेचे आहे, तास मोजायचे नसतात. २०२० मध्ये टाळ्या-थाळ्या याच भाषेत वाजल्या. आपल्याला त्याग शिकवू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. तो आपला अभिमान आहे. पण माईंना मूल पाठीवर घ्यावे लागले, कारण व्यवस्था महारवाड्यापर्यंत येत नव्हती. त्यांचे नाव घेऊन आज एखाद्या सिस्टरकडून फुकट पाळी करून घेणे हा माईंचा अपमान आहे.

दुसरे उत्तर, पैसा नाही. मग डोंबिवलीचा मानपाडा आठवा. तो २७ गावांपैकी एक. २००२ मध्ये ही गावे कल्याण-डोंबिवली पालिकेतून बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. या काळात इमारती वाढतच गेल्या. हद्दीची रेघ राजकारणाने इकडेतिकडे केली, माणसे तिथेच राहिली. लोकसंख्या वाढली की पाण्याचे आणि घराचे बिल वाढवायला वेळ लागत नाही. परिचारिकांची पदे वाढवायला मात्र दशके का लागतात?

आपण काय करायचे

मोर्चा काढायला आपल्याला येतो. आता आकडा काढायला शिकू. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली आपापल्या रुग्णालयाला पाच गोष्टी विचाराव्यात:

१. शेवटचा आकृतिबंध कोणत्या वर्षी मंजूर झाला आणि तेव्हा खाटा किती होत्या?
२. संवर्गनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे किती? सफाई कामगार आणि कक्षसेवक यांसह.
३. बिंदुनामावली शेवटची कधी तपासली आणि अनुशेष किती?
४. गेल्या वर्षात प्रत्येक वॉर्डात रोज सरासरी रुग्ण किती होते आणि प्रत्येक पाळीत कर्मचारी किती?
५. कंत्राटी माणसे किती, कोणत्या कामावर, आणि त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का?

उत्तर आले की वरचा भागाकार करा. ते कागद घेऊन आधी तिथल्या सिस्टरला, मावशीला, वॉर्डबॉयला भेटा. त्या आपल्याच वस्तीतल्या आहेत. रुग्णाचा नातेवाईक आणि राबणारी मावशी एकमेकांशी भांडत राहिले की आकृतिबंध लिहिणारा निवांत असतो. दोघे एकाच निवेदनावर सही करतील तेव्हा त्याला उत्तर द्यावे लागेल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या क्रमात शिकणे पहिले आहे. या विषयात शिकणे म्हणजे मोजणे.

जय भीम! जय संविधान!